संजय कुरुक्षेत्रावर होता

बातमीच्या धंद्यात यवतमाळ जिल्ह्याचा वाटा जुना आणि मोठा आहे. वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ साली यवतमाळातून 'लोकमत' हे साप्ताहिक काढले. पुढे तेच नाव घेऊन जवाहरलाल दर्डा यांनी पत्र चालवले. १९७१ साली ते नागपुरात दैनिक झाले आणि २००८ साली त्या नावाची वृत्तवाहिनी मुंबईतून दिसू लागली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. मराठी छापील बातमीपासून पडद्यावरच्या बातमीपर्यंतच्या वाटेवर या जिल्ह्यातली माणसे अशी ठिकठिकाणी भेटतात. खुद्द जिल्हा मात्र पडद्यावर येतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने. कुणी कास्तकार गेला म्हणून.

ती बातमी कुणीतरी वाचते. लोकल केबल चॅनलवर वाचते, नागपूरच्या कार्यालयातून वाचते, मुंबईच्या स्टुडिओतून वाचते. वाचणारीचे वय, पगार, साडी, पाठीमागचा पडदा बदलत जातो, बातमी तीच राहते. दुसऱ्याचे मरण रोज आपल्या तोंडून सांगणे आणि त्यावर आपली नोकरी उभी असणे, हा सरळ धर्माचा प्रश्न आहे. असे बोलणे केव्हा सत्य ठरते? अक्षरे बरोबर वाचली, उच्चार शुद्ध होते, आकडा चुकला नाही, एवढ्याने वाणीचा धर्म पाळला गेला का?

दूरदर्शनच्या पहिल्या पिढीला हा प्रश्न फारसा टोचला नसावा, कारण तेव्हाची व्यवस्थाच वेगळी होती. मुंबई दूरदर्शनचे पहिले वृत्तनिवेदक डॉ. विश्वास मेहेंदळे, नंतरचे अनंत भावे, प्रदीप भिडे, भक्ती बर्वे, सिनेमात जाण्याआधीची स्मिता पाटील ही सगळी मंडळी बातम्या सांगत, पण त्या लिहीत दुसरेच. निवेदकाकडे आवाज होता, उच्चार होते, शांत चेहरा होता. मत मांडणे हे त्यांचे काम नव्हते आणि वार्ताहर म्हणून गावोगाव हिंडणेही नव्हते. कित्येकांचा चरितार्थ दुसऱ्या नोकरीवर किंवा कलेवर चाले. २०२२ च्या जूनमध्ये प्रदीप भिडे गेले तेव्हा महाराष्ट्रभरच्या लोकांनी त्यांच्या आवाजाची आठवण काढली. त्या आवाजावर लोकांचा विश्वास होता, कारण तो काही विकायला बसला आहे असे कधी वाटले नाही.

२००७ साली 'झी २४ तास' आणि 'स्टार माझा' आल्या, पुढच्या वर्षी 'आयबीएन लोकमत' आली आणि निवेदकाचे करिअर झाले. आज यवतमाळ, दारव्हा, पुसद किंवा वणीतल्या एखाद्या तरुणीला अँकर व्हायचे असेल तर वाट साधारण ठरलेली आहे. सुरुवात गावातल्या केबलवाल्याच्या चॅनलवर. एक खोली, भिंतीवर हिरवा कपडा, दोन दिवे, संध्याकाळचे बुलेटिन आणि तेच रात्री व सकाळी पुन्हा. बातम्या तिनेच गोळा करायच्या, तिनेच लिहायच्या, जमले तर एडिटही तिनेच करायच्या. नगरपालिकेची सभा, शाळेचे गॅदरिंग, कापसाचा भाव, अपघात, गणेश मंडळाचे उद्घाटन. पुढची पायरी एखाद्या मोठ्या वाहिनीची स्ट्रिंजर होण्याची. हातात वाहिनीचा बूम येतो, महिन्याचा पगार येत नाही. बातमी लागली तर मानधन, नाही लागली तर पेट्रोलही पदरचे. त्यानंतर अमरावती किंवा नागपूर. पत्रकारितेची पदवी, वऱ्हाडी हेल घासून काढणे, कॅमेऱ्याकडे पाहून बातमी सांगण्याची तालीम, आवाजाची चाचणी. आणि नशिबाने साथ दिली तर मुंबई. तिथे मेकअप, टेलिप्रॉम्प्टर, कानात निर्मात्याचा आवाज, समोर चार चौकटींत भांडणारे पाहुणे.

या वाटेला जग चढण म्हणते, आणि पोटाच्या हिशेबाने ती चढणच आहे. लहान गावातून मोठ्या शहरात जाऊन नाव कमावणाऱ्या मुलीचे कष्ट कुणी कमी लेखू नयेत. पण या चढणीवर एक गोष्ट पायरीगणिक घडत जाते, ती म्हणजे बोलणारी ज्याच्याविषयी बोलते आहे त्याच्यापासून दूर जाते. केबलवर ती ज्या घराची बातमी वाचते त्या घरची बाई तिला आठवडी बाजारात भेटू शकते. नागपुरात ती शक्यता उरत नाही. मुंबईत त्या गावाचे नाव फक्त स्क्रिप्टमधून कळते. पगार, ओळख आणि प्रेक्षकसंख्या अंतराबरोबर वाढत जातात. सत्यही अंतराबरोबर वाढते का?

या प्रश्नाला आपल्या परंपरेत एक जुने उत्तर आहे, आणि ते ज्याच्या नावाशी जोडलेले आहे त्याला आपण बहुधा चुकीचे ओळखतो. वृत्तवाहिन्यांचा विषय निघाला की संजयाचे नाव निघतेच. हस्तिनापुराच्या महालात आंधळ्या राजाशेजारी बसून, दिव्यदृष्टीने लांबचे युद्ध जसे घडते तसे सांगणारा संजय, असे चित्र कीर्तनांनी, कॅलेंडरांनी आणि मालिकांनी मनात पक्के केले आहे. महाभारतातला संजय असा नाही. भीष्मपर्वात व्यास त्याला दृष्टी देतात, शस्त्रांपासून अभयही देतात. शस्त्रांपासून अभय महालात बसणाऱ्याला कशाला लागते? संजय रणांगणावर जातो म्हणून. युद्धाचे दहा दिवस झाल्यावर तो तिथून धावत परत येतो आणि राजाला पहिली बातमी देतो ती भीष्म पडल्याची. सगळ्यांत मोठी गोष्ट आधी, तपशील नंतर. राजा कोसळतो, सावरतो आणि मग एकेक प्रश्न विचारू लागतो. त्या प्रश्नोत्तरांतून मागचे सगळे युद्ध उलगडते. गीतासुद्धा त्यातच येते, धृतराष्ट्राच्या प्रश्नाने सुरू होते.

शल्यपर्वात तर संजय जिवंत पकडला जातो. पांडवांकडचा सात्यकी त्याला ठार करणार, एवढ्यात व्यास येऊन सोडवतात. अंगावर धूळ आणि रक्त घेऊन तो चालत निघतो, वाटेत डोहाकडे निघालेला, हरलेला, एकटा दुर्योधन त्याला भेटतो. पुढे दुर्योधनाचा शेवट झाल्यावर संजयाची दिव्यदृष्टी जाते. या सगळ्या काळात तो राजाला खूश करणारे काही सांगत नाही. वारंवार म्हणतो, हे जे झाले ते तुझ्याच लोभाने झाले. राजाच्या पदरी असलेला सूत राजाला हे तोंडावर सांगतो.

महाभारतकारांनी बातमी सांगणाऱ्याची कसोटी अशी घडवली आहे. तो घटनेच्या जागी गेलेला आहे. त्याच्या जिवाला तिची झळ लागली आहे. ऐकणारा त्याला उलट विचारू शकतो. ज्याचे अन्न खातो त्यालाही तो दोष दाखवतो. दिव्यदृष्टी ही वरून मिळालेली जोड आहे, कॅमेऱ्यासारखी. तिच्यामुळे संजय श्रेष्ठ ठरत नाही. तो श्रेष्ठ ठरतो उत्तर द्यायला समोर उभा राहतो म्हणून.

दुसरी कसोटी बौद्ध परंपरेतून येते. यवतमाळ जिल्ह्यात गावोगाव विहारे आहेत, तिथे पंचशील रोज म्हटले जाते, आणि त्यातले चौथे शील वाणीचे आहे. मज्झिमनिकायात अभय राजकुमाराची कथा आहे. बुद्ध दुसऱ्याला अप्रिय वाटेल असे बोलतात का, असा कोंडीत पकडणारा प्रश्न घेऊन तो येतो. त्याच्या मांडीवर तान्हे मूल असते. बुद्ध त्याला विचारतात, या बाळाने तोंडात काडी किंवा खडा घातला तर तू काय करशील? राजकुमार म्हणतो, बोट घालून काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला त्याची दया आहे. मग बुद्ध बोलण्याचा नियम सांगतात. जे खोटे आहे ते बोलायचे नाही. जे खरे आहे पण कुणाच्या हिताचे नाही तेही नाही. जे खरे आणि हिताचे आहे ते प्रिय असो की अप्रिय, योग्य वेळ पाहून बोलायचे. सत्य, हित आणि वेळ अशा या तीन अटी आहेत. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवरण करताना ज्ञानेश्वर याहून एक पाऊल पुढे जातात. खऱ्या अहिंसकाच्या बोलण्यात जिव्हाळा आधी पोचतो आणि शब्द त्याच्या मागून येतात, असे ते सांगतात.

आता यवतमाळची बातमी या अटींवर घासून पाहू.

१९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह आयुष्य संपवले. महाराष्ट्रातली ही पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या मानली जाते. त्या वेळी खासगी वृत्तवाहिनी नव्हती. पुढच्या २० वर्षांत असे मृत्यू इतके झाले की सरकारने मदतीचे निकष ठरवले. २००५ पासून मृताच्या वारसांना १ लाख रुपये मिळू लागले, पण त्यासाठी प्रकरण पात्र ठरावे लागते. शेती नावावर हवी, कर्ज हवे, वसुलीचा तगादा हवा. नावावर शेती नसलेली बाई, बटाईने करणारा, मजूर हे बहुधा अपात्र. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. २० मार्च २०१४ ला नरेंद्र मोदी आर्णी तालुक्यातल्या दाभडीत 'चाय पे चर्चा' करून गेले. नेत्यांबरोबर कॅमेरे आले आणि नेत्यांबरोबर परत गेले.

पत्रकार पी. साईनाथ यांनी त्या काळातला एक हिशेब पुढे सांगितला, तो या धंद्यातल्या प्रत्येकाने पाठ करावा असा आहे. २००६ च्या लॅक्मे फॅशन वीकसाठी ५१२ मान्यताप्राप्त पत्रकार मुंबईत हजर होते आणि त्या सोहळ्याचा विषय होता सुती कपडा. मुंबईहून तासाभराच्या विमानप्रवासावर, विदर्भात, तो कापूस पिकवणारे मरत होते. त्यांची बातमी करायला गेलेले बाहेरचे पत्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्या ५१२ जणांपैकी एकानेही खोटे सांगितले असेल असे नाही. पण वाणीचा दोष फक्त खोटे बोलण्यात नसतो. कुठे जाऊन उभे राहायचे हे ठरवण्यातही तो असतो.

जिथे उभे राहिले तिथेही हिताची अट उरतेच. आत्महत्येची बातमी सांगण्याची पद्धत दुसऱ्याचा जीव घेऊ शकते, हे आता शास्त्राने मान्य केले आहे. गटेच्या १७७४ सालच्या 'वेर्थर' या कादंबरीनंतर युरोपात अनुकरणाची भीती पसरली होती. या परिणामाला त्या कादंबरीचेच नाव देऊन समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ साली, गाजावाजा झालेल्या बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात हे आकड्यांनी दाखवले. पुढे उलटी बाजूही दिसली. संकटातून सावरलेल्या माणसाची हकिगत सांगितली तर जीव वाचू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने यावरून माध्यमांसाठी सूचना केल्या आणि सप्टेंबर २०१९ मध्ये प्रेस कौन्सिलने त्या वृत्तपत्रांसाठी स्वीकारल्या. मार्ग सांगू नका, एकच कारण ठोकून देऊ नका, बातमी भडक करू नका, मदत कुठे मिळते ते सांगा. कौन्सिलचा अधिकार छापील माध्यमांपुरता असला तरी कारण पडद्यालाही तेवढेच लागू आहे. तरी मृत्यूचा आकडा सांगून झाल्यावर टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक सांगणारे बुलेटिन आजही क्वचितच दिसते. एक ओळ वाचायला पाच सेकंदही लागत नाहीत. खरे सांगणे आणि हिताचे सांगणे यांत अंतर पडते ते असे.

३१ जानेवारी २०२१ ची गोष्ट पाहा. घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी इथे पोलिओ लसीकरणाच्या दिवशी पाच वर्षांखालच्या १२ मुलांच्या तोंडात लशीऐवजी हात धुण्याच्या सॅनिटायझरचे थेंब गेले. बातमी लगेच देशभर गेली. मुले बरी झाली, दोषींवर कारवाईची घोषणा झाली. बातमी खरी होती, वेळेवर होती, आणि ती सांगायलाच हवी होती. पण 'पोलिओच्या डोसाने मुले रुग्णालयात' एवढेच खाली धावत असेल तर शेजारच्या तांड्यावरची आई पुढच्या फेरीला मुलाला घरातच ठेवील. लशीत दोष नव्हता, बाटली चुकली होती, हे त्याच वाक्यात सांगणे हा निवेदकाचा धर्म. घाटंजीच्या केबलवर वाचणाऱ्या मुलीला हे शिकवावे लागत नाही, कारण त्या आईचे घर तिला माहीत असते.

जवळ असणे हेच पुण्य आहे, असा निष्कर्ष इथे काढला तर तो चुकीचा ठरेल. लोकल चॅनल चालते ते जाहिरातींवर, आणि जाहिराती देतात गावातलेच लोक. साड्यांची दुकाने, कोचिंग क्लास, कृषी सेवा केंद्रे, नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. ज्याच्या वाढदिवसाची पट्टी सकाळी चालवली त्याच्या संस्थेतला घोटाळा संध्याकाळी वाचणे सोपे नसते. ज्याच्या दुकानातून जाहिरात येते त्याच दुकानातून औषधही विकले जाते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, २० हून अधिक माणसे दगावली. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आठवड्यामागून आठवडे रुग्ण येत होते. राज्यभर खळबळ माजली ती ऑक्टोबरात, मृत्यूंचा आकडा मोठा झाल्यावर. कंपन्या, विक्रेते, कृषी खाते, सगळ्यांना प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मुंबई-दिल्लीच्या वाहिन्यांची ताकद कामी आली. गावातला दबाव ज्याच्यापर्यंत पोचत नाही, असा दूरचा आवाजही लागतो. संजय कौरवांच्या घरचा होता, तरी त्याला अभय मिळाले होते ते व्यासांकडून, दरबाराबाहेरच्या माणसाकडून. लोकल निवेदकालाही असे कुणाचे तरी अभय हवे. ते मोठ्या वाहिनीने द्यायला हवे, कायद्याने द्यायला हवे, नियमित पगाराने द्यायला हवे.

दया कुणाची करायची, हाही प्रश्न अंतराबरोबर अवघड होतो. पांढरकवडा–राळेगाव भागातल्या टी-१ वाघिणीवर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. बाहेरचे जग तिला अवनी म्हणत होते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये तिला मारण्याच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला आणि २ नोव्हेंबरच्या रात्री ती मारली गेली. राळेगाव भागात लोकांनी फटाके फोडले, पेढे वाटले. शहरांत लोकांनी मेणबत्त्या लावल्या, निषेध केले. तिचे दोन बछडे जंगलात उरले होते आणि गावांत आईबापाविना मुले उरली होती. दोन्ही दुःखे खरी होती. स्टुडिओतल्या चर्चेत त्यांची झुंज लावली गेली, कारण झुंज पाहिली जाते. गुराख्याच्या घरी जाऊन आलेला आणि त्याच जंगलातून घरी परतणारा माणूस ही बातमी सांगतो तेव्हा त्याला दोन्हींची भीती आणि दोन्हींची कीव एकाच आवाजात धरता येते. हा जवळीकीचा खरा लाभ आहे. ती बाजू घ्यायला भाग पाडत नाही, उलट दुसरी बाजू नजरेआड करू देत नाही.

या जिल्ह्याने एकदा ही सगळी उतरंड उलटी करून दाखवली. ११ ते १३ जानेवारी २०१९ या काळात यवतमाळात ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. अध्यक्ष होत्या अरुणा ढेरे. उद्घाटनाला लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावले होते, ते निमंत्रण मागे घेतले गेले आणि आठवडाभर सर्व वाहिन्यांवर वाद पेटला. साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. सहगल यांना बोलू न देणे ही वाणीवरची बंदी होती आणि तिचा निषेध व्हायलाच हवा होता, तो झालाही. पण त्यानंतर उद्घाटनाला कोण उभे राहिले? कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे. पतीच्या आत्महत्येनंतर मुलांना वाढवणाऱ्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या. 'तेरवं' या नाटकात त्या आपल्यासारख्या स्त्रियांचे जगणे रंगमंचावर मांडत होत्या.

कॅमेऱ्यांनी तोवर त्यांच्यासारख्या बायकांकडून बाइट घेतला होता. दहा सेकंद, डोळ्यांत पाणी, खाली नाव आणि गाव. त्या दिवशी त्याच बाईने माईक घेतला आणि वाहिन्यांना तो तसाच लाइव्ह दाखवावा लागला. न कापता, मध्ये अँकरचा प्रश्न न घालता, त्यांच्या स्वतःच्या बोलीत. मेलेल्यांपेक्षा मागे जगणाऱ्यांकडे पाहा, हा त्यांच्या बोलण्याचा गाभा होता. सत्य, हित आणि वेळ या तिन्ही अटी त्या मांडवात एकदम पुऱ्या झाल्या. आणि चौथी अट, जी संजयाने घालून दिली, तीही. बोलणारी व्यक्ती त्या रणातून आलेली होती.

जग मात्र उलट्या दिशेने निघाले आहे. अमेरिकेत २०१८ च्या मार्चमध्ये सिंक्लेअर या प्रसारण कंपनीने आपल्या मालकीच्या अनेक स्थानिक केंद्रांवरच्या अँकरना एकच मजकूर वाचायला लावला. खोट्या बातम्यांपासून सावध राहा, असे सांगणारा तो मजकूर होता. गावोगावचे ओळखीचे चेहरे एकच वाक्य एकाच सुरात म्हणताना दिसणारी जोडफीत जगभर फिरली. ज्या स्थानिक चेहऱ्यावर लोकांचा विश्वास होता तोच चेहरा भाड्याने घेतला गेला. भारतात २६ मे २०२४ ला 'डीडी किसान' या शेतकऱ्यांच्या वाहिनीने क्रिश आणि भूमी असे दोन एआय निवेदक आणले. ५० भाषांत बोलणारे, न थकणारे, सुट्टी न मागणारे. हवामान आणि बाजारभाव सांगायला ते उपयोगी पडतील, यात वाद नाही. पण शेजारच्या शिवारातल्या मरणाची बातमी त्यांनी सांगितली तर तिची जबाबदारी कुणाच्या शिरावर? प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात सॉक्रेटिस लिखित शब्दाबद्दल तक्रार करतो, की त्याला काही विचारले तर तो पुन्हा तेच ते सांगतो. अडीच हजार वर्षांपूर्वीची ती तक्रार आज चेहरा आणि आवाज घेऊन पडद्यावर बसली आहे. करिअरच्या वाटेवर माणूस घटनेपासून दूर दूर जात होता. शेवटच्या पायरीवर माणूसच उरलेला नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २१ सप्टेंबर २०२२ ला द्वेषपूर्ण भाषणांच्या सुनावणीत वृत्तनिवेदकाची भूमिका फार महत्त्वाची असल्याचे म्हटले. चर्चेत विष पसरू न देणे हे त्याचे कर्तव्य आहे, असा न्यायालयाचा रोख होता. न्यायालय आवाज आवरायला सांगू शकते, दंड करू शकते. बोलणाऱ्याच्या मनात जिव्हाळा घालणे त्याच्या हाती नाही. गाडगेबाबा याच वऱ्हाडातले. त्यांच्या कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारत, लोक उत्तर देत, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. सकाळी गाव झाडून झालेला असे, संध्याकाळी कीर्तन. ज्या गावाच्या घाणीवर ते बोलत ती त्यांच्या हाताला लागलेली असे. म्हणून त्यांच्या तिखट बोलण्याने कुणी दुखावले गेले तरी त्याला आपलेच माणूस बोलले असे वाटे. मराठी माणसाला बातमी सांगणाऱ्याचा धर्म शिकायला परदेशी जावे लागत नाही.

या सगळ्यावरून एक निवाडा करता येतो. यवतमाळच्या केबलवर बसलेली, स्वतः बातमी आणून स्वतः वाचणारी तरुणी ही या व्यवसायाची पहिली पायरी नव्हे. वाणीच्या धर्माच्या दृष्टीने ती त्याचे शिखर आहे, कारण तिला उद्या सकाळी त्याच रस्त्याने जायचे असते आणि कुणीही तिला थांबवून विचारू शकते. तिला पगार, संरक्षण आणि मोठा पडदा मिळत नाही, हे तिच्या कामाचे मोल कमी असल्याचे लक्षण नाही, आपल्या मोजमापात दोष असल्याचे लक्षण आहे. मुंबईत पोचलेल्या निवेदकाने गावाशी नाते तोडले पाहिजे असेही कुठे लिहिलेले नाही. तो वर्षातून काही दिवस त्या शिवारात जाऊन उभा राहू शकतो, ज्यांच्याबद्दल बोललो त्यांच्यासमोर बसू शकतो, त्यांचे ऐकू शकतो.

२०१७ पासून किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेवरून दर १९ मार्चला राज्यभर लोक करपे कुटुंबाच्या स्मरणार्थ अन्नत्याग करतात. वाहिन्या त्या दिवशी दोन मिनिटांची बातमी करतात. येत्या १९ मार्चला मराठी वाहिन्यांच्या संपादकांनी एवढे करावे. त्या रात्रीचे मुख्य बुलेटिन यवतमाळातून, तिथल्याच निवेदकाच्या तोंडून, तिच्याच बोलीत होऊ द्यावे. तिला स्ट्रिंजरचे नव्हे, अँकरचे मानधन द्यावे. शेवटी १४४१६ हा क्रमांक सांगावा. आणि प्रेक्षकांनी त्या रात्री चॅनल बदलू नये.